वजन, पाळी आणि दिवस राहणं: नाशिकच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज रोडपासून सिन्नरपर्यंत आणि दिंडोरीपासून नाशिकरोडपर्यंत कुठूनही पेशंट येवो, मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईचं वजन जास्त असलं की प्रश्न साधारण तेच असतात. काही ती स्वतः विचारते, काही सोबत आलेल्या सासूबाई विचारतात, आणि बरेचसे घरी गेल्यावर व्हॉट्सॲपवर येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत, गोळ्यांचे डोस मुद्दामच दिलेले नाहीत.

वजन जास्त आहे म्हणून मूल होत नाही, हे खरं आहे का?

अर्धं खरं. जास्त वजनाच्या बहुतेक बायकांना दिवस राहतात, कोणत्याही उपचाराशिवाय राहतात. पण वेळ जास्त लागू शकतो, दर महिन्याला अंडं फुटेलच (म्हणजे पिकून अंडाशयातून बाहेर पडेलच) याची खात्री कमी होते आणि गर्भपाताचं प्रमाण थोडं वाढतं. वजन हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. गर्भाशयाच्या नळ्या बंद असणं, नवऱ्याचे शुक्राणू कमी असणं, थायरॉईड, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), वय ही सगळी कारणं जाड बाईलाही लागू असतात. ‘आधी वजन उतरवा, मग या’ एवढंच सांगून तपासणी न करता कुणी परत पाठवलं असेल, तर दुसरीकडे दाखवा.

माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ६८ किलो. मी लठ्ठ म्हणायची का?

१५५ सेंटिमीटर उंचीला ६८ किलो म्हणजे बीएमआय २८ च्या आसपास. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. जगभरच्या तक्त्यात ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात, पण भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा अशी खालची पातळी वापरली जाते. कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटात साठते.

म्हणून आम्ही टेपही लावतो. कमरेचा घेर बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेला की लक्ष द्यायचं. मोजायचं ते साडीच्या निऱ्यांवरून नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडल्यावर. शिंप्याकडचं माप इथे चालत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा जास्त निघाला होता. म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

पोटावरच्या चरबीचा अंडाशयाशी काय संबंध? दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी ना?

हा प्रश्न सगळ्यात कमी वेळा विचारला जातो आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पाळीचं चक्र मेंदूतून चालतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक लयीत एक संप्रेरक सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं सोडते. एफएसएच अंडं वाढवतं, एलएच ते फोडतं. अंडाशयातून निघणारं इस्ट्रोजेन मेंदूला कळवतं की काम कुठवर आलं. ही लय बिघडली की अंडं अर्ध्यावर वाढून थांबतं, फुटत नाही, आणि पाळी लांबते.

चरबी या लयीत तीन-चार ठिकाणी हात घालते. सर्वात मोठा हात इन्सुलिनचा. वजन वाढलं की स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. गंमत अशी की अंडाशयाला मात्र ते नीट ऐकू येतं. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून टीव्हीचा आवाज वाढवावा आणि शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या नातवाचं डोकं उठावं, तसं होतं. जादा इन्सुलिन एलएचच्या जोडीनं अंडाशयातल्या पेशींना जास्त पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं. शिवाय यकृतातून एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी तयार होतं. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, अंडं न फुटणं, या सगळ्याचं मूळ बऱ्याच जणींत इथेच असतं. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसतो ना, तोही जादा इन्सुलिनचाच. तो घासून जात नाही; कृपया घासू नका.

दुसरी गोष्ट, चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार नाही. तिच्यात अरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं, ते पुरुषी संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवतं. त्यामुळे रक्तात इस्ट्रोजेनचा सतत एक पाया राहतो. मेंदूला हवे असतात त्याचे चढउतार, आणि तेच पुसट होतात.

तिसरं, लेप्टिन. चरबीतून निघणारं हे संप्रेरक मेंदूला सांगतं की अंगात साठा पुरेसा आहे. चरबी फार वाढली की लेप्टिन खूप असतं पण मेंदू ते जुमानत नाही. आणि चौथं म्हणजे अंड्याची स्वतःची प्रत. अंडं ज्या द्रवात वाढतं त्यात चरबीचे घटक आणि सूज आणणारी रसायनं वाढतात, अंड्यातल्या मायटोकॉन्ड्रियावर (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांवर) ताण येतो. म्हणून अंडं फुटलं तरी सगळं सुरळीत झालंच, असं नसतं.

माझी पाळी अगदी घड्याळासारखी येते. मग वजनाचा प्रश्नच नाही ना?

पाळी नियमित असेल तर बहुधा अंडं फुटतंय, ही चांगली बातमी. पण नेदरलँड्समध्ये नियमित अंडं फुटणाऱ्या, तरीही दिवस न राहणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला होता. त्यात बीएमआय २९ च्या पुढे प्रत्येक अंकामागे आपोआप दिवस राहण्याची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी घटताना दिसली. मोठा धक्का नाही, पण परिणाम आहे.

पीसीओडी म्हणजेच लठ्ठपणा का? सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ लिहून आलंय.

नाही, आणि नुसत्या सोनोग्राफीवर हे निदान होतही नाही. पीसीओडी म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी: अंडाशयात बरीच अंडी अर्ध्यावर थांबतात आणि पाळी बिघडते. हा आजार १९३५ मध्ये अमेरिकेत स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी मांडला. निदानाचे आजचे निकष २००३ मध्ये रॉटरडॅममध्ये ठरले: पाळी अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हींपैकी दोन हवेत, आणि थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) यांसारखी दुसरी कारणं आधी वगळायला हवीत. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ बायकांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील, तर मुलींमध्ये सोनोग्राफीवरून ठरवूच नये. दहावी-बारावीच्या मुलींच्या हातात असे रिपोर्ट देऊन घरात उगाच घबराट केली जाते, याचा खरंच राग येतो.

सोनोग्राफीत ज्या ‘गाठी’ दिसतात ती अर्ध्यावर थांबलेली छोटी अंडी असतात. त्या ऑपरेशन करून काढायच्या नसतात.

सडपातळ मुलींनाही पीसीओडी असतो आणि जाड बायकांपैकी अनेकींना तो नसतो. मात्र पीसीओडी असेल आणि वजन वाढलं, तर इन्सुलिनचा सगळा खेळ दुपटीनं चालतो.

एएमएच कमी आलंय. वजनामुळे असेल का?

काही अभ्यासांत जास्त वजनाच्या बायकांत एएमएच थोडं कमी दिसतं. पण ते अंड्यांचा साठा सांगतं, प्रत सांगत नाही, आणि वय त्याहून जास्त सांगतं. एका एएमएचच्या आकड्यावरून कुणी लगेच आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुचवलं तर दुसरं मत घ्या.

किती किलो उतरवले की फरक पडेल?

वाटतं त्यापेक्षा कमी. अंडं फुटत नसलेल्या बायकांमध्ये ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी पाळी पुन्हा रुळावर येऊ शकते. ६८ किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो झालं. लग्नातलं वजन परत आणायचं नाहीये, कॉलेजातला ड्रेस बसायचा नाहीये. पोटातली चरबी आधी हलते, इन्सुलिन आधी उतरतं, म्हणून काट्यावर फारसं दिसण्याआधीच पाळीत फरक दिसू शकतो.

एक महत्त्वाचं: पाळी परतली म्हणजे अंडं फुटू लागलं. सध्या मूल नको असेल तर त्या दिवसापासून काळजी घ्या. ‘मला तर पीसीओडी आहे, मला कुठं राहणार’ म्हणत नको असताना दिवस गेलेल्या बायका आम्ही नेहमी बघतो.

मग आधी वर्षभर वजन उतरवू आणि नंतर उपचार घेऊ?

इथे वय मध्ये येतं. तुम्ही सत्तावीस वर्षांच्या असाल, पाळी अनियमित असेल, तर तीन ते सहा महिने वजनावर काम करणं शहाणपणाचं. तुम्ही सदतीस वर्षांच्या असाल तर नाही. वजन परत उतरवता येतं, अंड्यांचं वय परत आणता येत नाही.

नेदरलँड्समध्येच एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. बीएमआय २९ किंवा जास्त असलेल्या, मूल होत नसलेल्या बायकांच्या दोन गटांपैकी एकाला सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम आधी, दुसऱ्याला थेट उपचार. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, एकटं, निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीनं होण्याचं प्रमाण कार्यक्रमवाल्या गटात २७ टक्के आणि थेट उपचारवाल्या गटात ३५ टक्के निघालं. उपचार न घेता आपोआप दिवस राहिलेल्या बायका मात्र कार्यक्रमवाल्या गटात जास्त होत्या. यातून आम्ही एवढंच घेतो की वजन उतरवणं चांगलं, पण सगळ्यांना सरसकट थांबवून ठेवणं बरोबर नाही. दोन्ही एकाच वेळी सुरू करता येतं.

साधा नियम: पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत. पाळीच तीन-तीन महिने येत नसेल तर वर्षभर कशाला थांबायचं, आधीच या.

मिसळ बंद करायची का?

नाशिकमध्ये राहून मिसळ बंद करा असं सांगणाऱ्या डॉक्टरचं कुणी ऐकत नाही. मिसळीतली मटकी चांगलीच आहे. नडतात ते तर्रीचं तेल, ओंजळभर फरसाण, तीन-चार पाव, आणि वर जिलबी. रविवारी मखमलाबाद किंवा गंगापूरच्या बाजूला गेलात तर मटकी जास्त, फरसाण चिमूटभर, पाव एक, आणि जिलबी दुसऱ्याच्या ताटात.

खरी अडचण मिसळीची नाही, रोजच्या ताटाची आहे. सकाळी चहा-बिस्किट, दहाला पोहे, दुपारी चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-चिवडा, रात्री उशिरा भात. यात प्रथिन कुठं आहे? प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, अंडी, दही, पनीर, मासे यांपैकी काहीतरी हवंच. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. भाकरी नागलीची असो की बाजरीची, उत्तम. पण पेठ-सुरगाण्याची नागली आहे म्हणून चार खाल्ल्या तर हिशोब तोच. द्राक्षांच्या दिवसांत घरात पेट्या येतात, तेव्हा वाटीभर खा, टीव्हीसमोर घड घेऊन बसू नका.

उपवास हा वेगळा विषय. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि शेंगदाण्याचे लाडू खाल्ले तर वजन वाढणारच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. सप्तशृंगी गडावर जायचंय, उपवास सोडवत नाही, तर भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, राजगिरा, काकडी असं बघा. दिवसभर कडकडीत उपाशी आणि रात्री दाबून जेवण, हे मात्र नको.

रोज चालते, तरी वजन उतरत नाही.

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मैत्रिणीशी गप्पा मारत दोन फेऱ्या आणि नंतर कोपऱ्यावर चहा, असं असेल तर नाही उतरणार. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग हवा. आठवड्याला किमान १५० मिनिटं, वजन उतरवायचं तर त्याहून जास्त. आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम: उठाबशा, डंबेल्स, पाण्याच्या भरलेल्या बाटल्यासुद्धा चालतील. स्नायू काम करताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून काटा हलला नाही तरी अंडाशयाला फायदा होतो. गुडघे धड असतील तर पांडवलेणीच्या पायऱ्या यासाठी झकास.

सातपूर-अंबडमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांना हे सगळं दुप्पट अवघड जातं, हे मान्य. झोप मोडली की भूक वाढते, इन्सुलिनही बिघडतं. शिफ्ट बदलून मिळत नसेल तर निदान दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत, सलग घ्या. आणि घरच्यांनी त्या वेळी उठवू नये.

चार-चार महिने पाळी येत नाही. त्रास काही नाही, मग औषध कशाला?

कारण गर्भाशयाचं अस्तर. अंडं फुटलं नाही की अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, पण चरबीतलं इस्ट्रोजेन अस्तर वाढवतच राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तर बेढब जाड होतं आणि पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तीन महिन्यांत एकदा तरी पाळी यायला हवी. आली नाही तर आणावी लागते.

मेटफॉर्मिन तर शुगरची गोळी. मला शुगर नाही.

ती इन्सुलिनचं काम सोपं करते, म्हणून देतात. काहींची पाळी त्यानं सुधारते. पण मूल होण्यासाठी एकटी मेटफॉर्मिन कमी पडते. पीसीओडीच्या बायकांवरच्या २००७ च्या अमेरिकन अभ्यासात एकट्या मेटफॉर्मिननं बाळ झालं ७ टक्के बायकांना, अंडं फुटण्यासाठी देतात त्या क्लोमिफीनच्या गोळीनं २२ टक्क्यांहून थोड्या जास्त. वजन उतरवण्याची गोळी म्हणून तर तिच्याकडून फार अपेक्षा नको. सुरुवातीला पोट बिघडतं, ते जेवणाबरोबर घेतल्यावर सुसह्य होतं.

लेट्रोझोल गुगल केलं तर कॅन्सरचं औषध निघालं!

बरोबर निघालं. ते मुळात स्तनाच्या कॅन्सरसाठी आलं. वर सांगितलेलं अरोमॅटेज एन्झाइम ते काही दिवस थोपवतं. इस्ट्रोजेन घटलं की मेंदू एफएसएच वाढवतो आणि अंडं वाढीला लागतं. फक्त पाच दिवसांचा कोर्स असतो. २०१४ च्या मोठ्या अभ्यासात पीसीओडीमध्ये लेट्रोझोलनं २७.५ टक्के बायकांना बाळ झालं, क्लोमिफीननं १९.१ टक्के, आणि जास्त वजनाच्या बायकांमध्ये हा फरक ठळक होता. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. त्या काळातल्या बातम्या नेटवर अजून फिरतात.

पोटात टोचायची ती वजनाची नवी इंजेक्शनं?

भूक खरंच कमी होते, वजन खरंच उतरतं. पण गरोदरपणात ती चालत नाहीत. त्यांतलं सेमाग्लुटाइड मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं, टिरझेपटाइड किमान एक महिना. टिरझेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरू करताना आणि दर वेळी डोस वाढवताना चार आठवडे निरोध वापरा. जिममधल्या ओळखीनं किंवा ऑनलाइन मागवून घेऊ नका. सल्लाच नाही, तर हे कुणी सांगणारही नाही.

बॅरिअट्रिक सर्जरी (वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन) केली तर लगेच चान्स घ्यायचा?

नाही. वर्ष ते दीड वर्ष थांबायचं, कारण वजन झपाट्यानं उतरत असताना बाळाला पोषण कमी पडू शकतं. आणि या काळात पाळी लवकर परतते, त्यामुळे गर्भनिरोधन हवंच. लोह, बी-१२, फोलिक ॲसिड तपासत राहायचं.

आयव्हीएफ केलं की वजनाचा प्रश्न सुटतो?

सुटत नाही, पुढे सरकतो. जास्त वजनाला इंजेक्शनं जास्त लागतात, अंडी कधी कमी मिळतात, अंडी काढताना भूल देणं जोखमीचं होतं, गर्भपातही थोडे जास्त. तरीही गरज असेल तर वजनासाठी अडून राहू नये, विशेषतः वय पुढे गेलं असेल तर. सेंटर २०२१ च्या एआरटी कायद्याखाली (आयव्हीएफसारख्या उपचारांचं नियमन करणारा कायदा) नोंदणीकृत आहे का ते विचारा. त्या कायद्यानं बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ अशी मर्यादा घातली आहे.

सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी जाडजूड बायकांना पोरं होतच होती की.’

होत होती. बहुतेकींचं पहिलं मूल विशीत व्हायचं, अंगावर चरबी चढायची ती दोन-तीन बाळंतपणांनंतर. आता उलट झालंय: शिक्षण, नोकरी, लग्न तिशीच्या जवळ, आणि तोवर बसून काम करून वजन वाढलेलं. आणि ज्यांना त्या काळी झालं नाही, त्यांची गोष्ट कुणी मोठ्यानं सांगत नव्हतं. सासूबाई, तुम्ही सोबत आलात हे चांगलंच आहे. फक्त तिच्या ताटातली पोळी मोजू नका.

दिवस राहिल्यावर डाएट चालू ठेवायचं?

वजन उतरवायचं डाएट त्या दिवशी बंद. किती वाढू द्यायचं ते डॉक्टर सांगतील. शुगरची तपासणी लवकर करायची, रक्तदाबावर लक्ष ठेवायचं, कारण दोन्हीचा धोका जास्त वजनात वाढतो. फोलिक ॲसिड मात्र दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून हवं. जास्त वजनात डोस वेगळा लागू शकतो, विचारून घ्या.

नवऱ्याचंही वजन जास्त आहे. चालतं?

नाही चालत. पुरुषाच्या चरबीतही तेच अरोमॅटेज असतं, टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटू शकते. बायकोच्या आठ तपासण्या झाल्या आणि नवऱ्याची एकही नाही, अशा फाइली आमच्याकडे दर आठवड्याला येतात. वीर्यतपासणी स्वस्त आहे, दुखत नाही, आणि ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

पहिल्या भेटीला काय आणू?

मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, कागदावर किंवा मोबाईलमध्ये. जुने रिपोर्ट आणि सोनोग्राफीच्या फिल्म, कितीही जुन्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि जिमच्या पावडरीसकट. नवऱ्याला आणा, वीर्यतपासणी त्याच दिवशी करायची असेल तर आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. पोट रिकामं ठेवून आलात तर शुगर आणि इन्सुलिनचं रक्तही लगेच घेता येतं, फक्त नंतर खायला डबा बरोबर ठेवा.